नेक पुसला की आठ दिवसांत पुन्हा चिकट: सॅटिन फिनिशचं दुखणं शोधताना

जुलैत भाचा तिसऱ्यांदा गिटार घेऊन घरी आला. खोळीची चेन उघडायच्या आधीच म्हणाला, "मामा, परत तेच. जी कॉर्डवरून सी कॉर्डवर जाताना अंगठा अडकतोय." पहिल्या दोन खेपांना मी सगळे करतात तेच केलं होतं. ओलसर फडक्यानं नेक, म्हणजे गिटारचा दांडा, पुसला, कोरडा केला, हात फिरवून बघितला, मस्त घसरतोय म्हटलं आणि त्याला चहा पाजून पाठवून दिलं. आठव्या दिवशी पुन्हा फोन.

तिसऱ्या खेपेला मात्र फडकं घ्यायच्या आधी गिटार ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. दुसऱ्या फ्रेटच्या, म्हणजे दांड्यावरच्या दुसऱ्या धातूच्या पट्टीच्या, मागच्या बाजूला, अंगठा टेकतो त्याच्या जरा वर, नखाएवढा अर्धगोल डाग चमकत होता. बाकी सगळा नेक मॅट आणि तेवढाच ठिपका ओला असल्यासारखा. बोट टेकवलं तर उचलताना टचकन आवाज आला. हा डाग घामाचा नव्हता. घाम असा अर्धगोल काढून बसत नाही.

कशाचा होता ते पुढे येईलच. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच की 'नेक चिकट झालाय' ही तक्रार एक असली तरी कारणं पाच-सहा असतात, आणि फडकं त्यातल्या एका-दोघांनाच पुरतं. उरलेल्यांत तर आपण औषध म्हणून जे लावतो तोच आजार असतो.

सॅटिनला लावायचं काही नसतं

ग्लॉस, म्हणजे चकचकीत फिनिश, आणि सॅटिन, म्हणजे मॅट, यांचं रसायन तेच असू शकतं. पॉलियुरेथेन असो की नायट्रोसेल्युलोज लॅकर (थोडक्यात नायट्रो), त्यात सिलिकाची अगदी बारीक पूड मिसळली की ते मॅट सुकतं. थर सुकताना आकसतो, पुडीचे कण वर बारीक उंचवटे करून राहतात, आणि त्यांच्यावर पडलेला उजेड सगळीकडे विखुरतो. म्हणून चकाकी दिसत नाही. हाताला जो सुळसुळीतपणा लागतो तोही या उंचवट्यांमुळेच. ओलसर अंगठा ग्लॉसवर पूर्ण बसतो आणि ओला पेला काचेच्या टेबलाला धरतो तसा धरून राहतो. सॅटिनवर तो फक्त टोकांवर टेकतो.

आता त्या टोकांमधल्या खळग्यांत काहीही भरा, तेल, मेण, पॉलिश, घामातले क्षार. झालं तुमचं ग्लॉस, तेही मळकट. म्हणून सॅटिन नेकला 'काय लावू' हा प्रश्नच उलटा आहे. त्यावरून काय काढायचंय ते विचारायचं.

हे मला कळायला दोन वर्षं लागली. माझ्या स्वतःच्या मेपल लाकडाच्या नेकच्या इलेक्ट्रिकवर मी आधी फर्निचरचा स्प्रे मारला होता. पहिल्या दिवशी लोण्यासारखा हात फिरला. आठवड्यानं चिकटला, म्हणून पुन्हा मारला. असं दोन महिने. अशा बऱ्याच स्प्रेंमध्ये सिलिकॉन असतं. ते पाण्यानं निघत नाही, साबणानंही नीट निघत नाही, आणि पुढे कधी नेकवर नवं फिनिश मारायची वेळ आली तर लॅकर त्यावर धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. गिटार दुरुस्त करणारे सिलिकॉनचं नाव काढलं तरी कपाळाला हात लावतात ते यासाठी. त्याच्याही आधी, कॉलेजात असताना, कॅरमची पावडर लावायची एक टूम निघाली होती आमच्यात. दोन गाण्यांपुरती अंगठा सोंगटीसारखा पळायचा. तिसऱ्या गाण्याला घाम आणि पावडर मिळून कणिक.

फडकं घ्यायच्या आधी तीन गोष्टी बघा

पहिली, चिकटपणा नेमका कुठे आहे? डोळे मिटून नटपासून हीलपर्यंत, म्हणजे खुंट्यांचा हेडस्टॉक जिथे नेकला मिळतो तिथपासून बॉडीला जोडलेल्या भागापर्यंत, अंगठा सावकाश न्या. पहिल्या पाच-सहा फ्रेटच्या मागेच अडकत असेल तर तो हाताचा मळ, कारण बहुतेकांचा हात तिथेच मुक्कामाला असतो. हीलपाशीही तितकंच चिकट लागत असेल, जिथे तुम्ही वर्षातून दोनदा जाता, तर हात निर्दोष आहे. एक तर कुणीतरी सगळ्या नेकला काहीतरी फासलंय, नाहीतर फिनिशच मऊ पडलंय. आणि एखाद्याच ठिकाणी पट्टा किंवा ठिपका असेल, तर तिथे रोज काय टेकतं ते शोधा. ही चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि निम्म्याहून जास्त निदान इथेच होतं, म्हणून हिच्यावर घाई करू नका.

दुसरी, पांढरं फडकं. जुन्या सुती बनियनचा तुकडा पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि त्याच भागावर चार-पाचदा फिरवा. फडकं तपकिरी-काळं झालं तर मळ आहे, आनंद माना. फडकं स्वच्छच राहिलं आणि नेक तरी चिकट, तर पाण्याला न जुमानणारं काहीतरी आहे, म्हणजे मेण, सिलिकॉन, रबर किंवा खुद्द फिनिश.

तिसरी, नख. हीलच्या जवळ, जिथे कुणी बघणार नाही तिथे, नख हलकेच दाबून उचला. खूण उमटली आणि राहिली तर फिनिश मऊ आहे. अशा नेकवर पुढचं काहीही करू नका, थेट नायट्रोवर लिहिलंय तिथे जा.

भाच्याचा डाग

कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. त्याची सगळी गाणी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून, त्यामुळे कॅपो तिथेच चोवीस तास. रात्रीसुद्धा. कॅपोच्या मागच्या जबड्याला मऊ रबराची गादी असते, आणि त्याच्या कॅपोची गादी जुनी होऊन पाझरायला लागली होती. रबर आणि मऊ प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात जे तेलकट घटक घालतात ते कालांतरानं बाहेर येतात. उकाडा आणि दमट हवेत लवकर. जुन्या खोडरबरानं प्लॅस्टिकच्या पट्टीला घट्ट मिठी मारलेली दप्तरात सापडते ना, तोच प्रकार. तो चिकट थर अंगठ्यानं रोज वर-खाली पसरत होता. मी पुसून द्यायचो आणि कॅपो पुन्हा नवा थर द्यायचा. दोन वेळा मी नेक साफ केला आणि गुन्हेगार दोन्ही वेळा त्याच्याबरोबर त्याच खोळीत घरी गेला.

हेच दुखणं स्टँडमुळेही होतं. नेकला धरणारा जो वरचा चिमटा असतो त्यावर काळं रबर किंवा फोम असतो. हेडस्टॉकच्या खाली आडवा चिकट पट्टा दिसला तर स्टँडच पकडा. पॉलियुरेथेनला सहसा फक्त वरून चिकट थर लागतो, तो निघतो. नायट्रोला मात्र हे रबर अक्षरशः खातं. डाग वर बसत नाही, फिनिशच्या आत जातो, आणि तो कशानंही निघत नाही. रबरावर सुती कापडाची पट्टी गुंडाळून टाका. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरा संशयित खोळ. स्वस्त खोळींच्या आत पॉलियुरेथेनचा पातळ थर किंवा फोम असतो. दमट हवेत तो पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कुजतो. कपाटात तीन पावसाळे पडून राहिलेल्या बुटाचा तळवा हातात भुगा होऊन आलेला कोकणात आणि मुंबईत बहुतेकांनी पाहिलाय. खोळीचंही तेच होतं. आतून हात फिरवा. पिठूळ किंवा चिकट लागली तर खोळ फेकायची, धुवून उपयोग नाही.

आणखी दोन कारणं, जी कुणाला पटत नाहीत

सॅनिटायझर. २०२० मध्ये प्रत्येकानं गिटारही सॅनिटायझरनं पुसली, आणि ती सवय काहींची अजून गेलेली नाही. त्यात अल्कोहोल असतं हे माहीत असतं, ते उडून जाईल असं वाटतं. पण हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीनही असतं आणि ते उडत नाही. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. जुलैत ग्लिसरीन लावलेला नेक म्हणजे गुळाच्या ढेपेवरून हात फिरवल्यासारखं. शिवाय लाखेचं पॉलिश अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि नायट्रोही मऊ पडू शकतं. बाळांचे वेट वाइप्स याच जातीचे, त्यात कातडीला मऊ ठेवणारं काही ना काही असतंच.

दुसरं, फ्रेटबोर्डचं, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीचं, तेल. रोझवूडच्या उघड्या फ्रेटबोर्डला वर्षातून एक-दोनदा लेमन ऑइल लावणं ठीक आहे. पण ते ओतून लावलं की कडेवरून ओघळून मागे जातं आणि सॅटिनच्या खळग्यांत बसतं. नेकच्या दोन्ही कडांना चिकट आणि मधे कोरडं असेल तर हेच. तेल फडक्यावर घ्या, लाकडावर ओतू नका. मेपलच्या फ्रेटबोर्डवर फिनिश मारलेलं असतं, त्याला तेल लावायचंच नाही, ते आत जातच नाही.

यात डासांचं मलमही आलं. डीट नावाचं जे औषध बऱ्याच मलमांत असतं ते लॅकर आणि प्लॅस्टिक दोन्ही विरघळवतं. सनस्क्रीनचाही नायट्रोला त्रास होतो. गच्चीवरच्या मैफलीला बसताना मलम पायाला चोळा, हाताला नको, आणि चोळलेले हात साबणानं धुवा.

साफ करायची रीत

गिटार टेबलावर टॉवेल घालून पालथी ठेवा, नेकखाली गुंडाळलेला नॅपकिन. तारा काढायची गरज नाही. वाटीभर पाणी घ्या. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, ते वाळलं की पांढरे डाग ठेवतं, म्हणून मी फिल्टरचं घेतो. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब. एकच, फेस येता कामा नये. बनियनचा तुकडा बुडवा आणि इतका पिळा की तळहातावर दाबला तरी पाणी सुटणार नाही. नटकडून हीलकडे सरळ ओढा, दोन-तीन फ्रेटचा भाग एका वेळी, आणि प्रत्येक वेळी फडक्याची नवी घडी. जुन्याच घडीनं पुसलं तर मळ फक्त गाव बदलतो. मग साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्यानं साबण काढा आणि लगेच कोरड्यानं पुसा. पुढची दहा मिनिटं पंख्याखाली.

पाण्याची भीती रास्त आहे, पण ती उघड्या लाकडापुरती. जिथे फिनिश घासून लाकूड दिसतंय, मेपलवर असे भाग राखाडी पडतात, तिथे पाणी टाळा.

साध्या मळासाठी एवढं पुरतं. मेण, सिलिकॉन, रबर, ओघळलेलं तेल यांच्यासाठी नॅप्था लागतो. आपल्याकडे सहज मिळणारा नॅप्था म्हणजे वातीच्या लायटरमध्ये भरायचं द्रव. ते मागताना नीट सांगा, नाहीतर गॅस लायटर भरायची ब्यूटेनची नळकांडी हातात देतात. ती वेगळी. फडक्यावर थोडं घ्या, पुसा, उडून जाऊ द्या, नव्या घडीनं पुन्हा. सिलिकॉन असेल तर हे तीन-चार वेळा करावं लागतं, माझ्या नेकला पाचदा केलं. पॉलियुरेथेनला आणि नीट सुकलेल्या नायट्रोलाही नॅप्था सहसा काही करत नाही, तरी आधी हीलपाशी एक टिपका लावून दोन मिनिटं बघा. खिडक्या उघड्या, गॅस बंद, आणि देवघरात निरांजन तेवत असेल तर ते शांत होईपर्यंत थांबा. हे द्रव भडकायला ठिणगीही फार होते.

हार्डवेअरवाल्याकडचं टर्पेंटाइन चालतं का? चालतं, पण ते सावकाश उडतं आणि स्वतःच जरा ओशट थर ठेवतं, मग तो साबणाच्या पाण्यानं काढावा लागतो. थिनर मात्र कधीही नाही. सुतार जो एनसी थिनर वापरतो तो नायट्रो लॅकर विरघळवण्यासाठीच बनलेला असतो. तुमचा नेक नायट्रोचा निघाला तर एका फटक्यात फिनिश फडक्यावर येईल. गाडीतलं पेट्रोलही नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं आणि ते कातडीला चांगलं नाही.

भाच्याच्या डागाला नॅप्थाचे दोन हात लागले. फडक्यावर काजळीसारखं काळं आलं, त्याला रबराचा वास होता.

चिकट नाही, पण चमकायला लागलाय

ही तक्रार बहुतेकांना वेगळी कळत नाही. वर्ष-दीड वर्ष वाजवल्यावर अंगठ्याच्या वाटेवर सॅटिन झिजतं, उंचवटे घासून सपाट होतात आणि तिथे खरोखरचं ग्लॉस तयार होतं. पांढरं फडकं स्वच्छ, नख उमटत नाही, तरी घाम आला की अंगठा अडकतो. साबण, नॅप्था, कशानंही हे जाणार नाही, कारण काढण्यासारखं काही उरलेलंच नाही. इथे पृष्ठभाग पुन्हा खरवडून मॅट करायचा.

यासाठी राखाडी स्कॉच-ब्राइट, म्हणजे घासायचं पॅड, वापरा, थ्रीएमचं ७४४८ नंबरचं. गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं, मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला घासायच्या सामानाच्या दुकानांत चौकशी करा. सिंकवरचं हिरवं नको. ते बरंच खरखरीत असतं, त्याचे ओरखडे डोळ्याला दिसतात आणि बोटालाही लागतात. लाल, म्हणजे मरून, जे मिळतं ते हिरव्याइतकं नाही तरी राखाडीपेक्षा जाडच.

फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडांना आणि हेडस्टॉकला मास्किंग टेप लावा. हेडस्टॉकवरचा लोगो काही गिटारींवर फिनिशच्या वरच चिकटवलेला असतो, एकदा घासला की गेला. मग पॅड हातात धरून नटपासून हीलपर्यंत एकाच सरळ रेषेत, लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. गोल गोल नाही. गोल घासलेलं तिरक्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसतं आणि मग ते लपवायला अजून घासावं लागतं. जोर लावायचा नाही, पॅडच्या वजनाला आपल्या हाताची सोबत, एवढंच. आठ-दहा हात मारा, पुसा, उजेडात बघा. बहुतेक वेळा तेवढ्यात होतं. फक्त चमकलेला भागच घासला तर दोन छटा दिसतात, म्हणून शेवटचे दोन-तीन हात पूर्ण लांबीचे.

चार शून्यांची स्टील वूलही हेच काम करते आणि हाताला थोडं अधिक मऊ फिनिश देते. पण इलेक्ट्रिकवर मी ती वापरत नाही. तिचे तंतू लोखंडाचे आणि पिकअपमध्ये, म्हणजे तारांखाली आवाज पकडणाऱ्या भागात, चुंबक असतो. एकदा वापरली होती, पिकअप टेपनं झाकून. तरी सहा महिन्यांनी ब्रिजच्या, म्हणजे तारांच्या खालच्या टोकाकडच्या, पिकअपवर दाढीचे खुंट उगवल्यासारखे तंतू दिसले, चिमट्यानं एकेक काढत बसलो. अकूस्टिकला पिकअप नसेल तर खुशाल वापरा.

प्रत्येक वेळी थोडं फिनिश जातंच. वर्षातून एकदा ठीक, दर महिन्याला केलं तर चार-पाच वर्षांत लाकडाला भिडाल. आणि वॉटर पेपरनं करायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ४०० नंबर ओरखडे ठेवतो आणि २००० नंबर उलट चकाकी आणतो.

ग्लॉस नेक असलेले लोकही हीच युक्ती करून नेक सॅटिन करून घेतात. चालतं. फक्त गिटार वॉरंटीत असेल किंवा पुढे विकायची असेल तर आधी विचार करा.

नायट्रो असेल तर

गिटार बनवणाऱ्या कंपन्यांपैकी फेंडरनं १९६० च्या दशकाच्या अखेरीस नायट्रो सोडून पॉलिएस्टरची वाट धरली, गिब्सन आजही नायट्रो मारते. तुमच्या गिटारचं काय ते कंपनीच्या मॉडेलच्या माहितीत सहसा लिहिलेलं असतं. नसेल आणि नेक स्क्रूनं जोडलेला असेल, तर पुढच्या वेळी तो काढाल तेव्हा हीलच्या आतल्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक थेंब कानकोरणीच्या कापसानं टेकवा. मऊ पडलं तर नायट्रो किंवा लाख, काहीच झालं नाही तर पॉली, म्हणजे पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर.

नायट्रो काही लोकांच्या घामानं मऊ पडतं. सगळ्यांच्या नाही, हा ज्याच्या त्याच्या अंगाचा भाग आहे. एकाच गिटारवर दोघे वाजवतात, एकाला काही होत नाही आणि दुसऱ्याचा अंगठा रुतून बसतो. अशा मऊ फिनिशला घासू नका, पॅडला चिखलासारखं गोळा होऊन येतं. खोळीतून बाहेर काढा, भिंतीवर हवेशीर टांगा, कोरड्या खोलीत दोन-तीन आठवडे हात लावू नका. पुष्कळदा परत कडक होतं. मग राखाडी पॅडचे चार हात. दर पावसाळ्यात तेच होत असेल तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून मागचं नायट्रो काढून तिथे पॉली किंवा तेल मारून घेणं हा खरा उपाय. जुनी, किमती गिटार असेल तर मात्र हे करण्याआधी दोनदा विचार करा, मूळ फिनिश गेलं की किंमत उतरते.

लॅकरवर दुधाळ डाग आले असतील तर ते आत अडकलेलं बाष्प असतं. त्यावर घरी प्रयोग नको.

तेल-मेणाचा नेक वेगळा

काही नेक दिसतात सॅटिनसारखे, पण त्यांवर थर नसतोच. म्युझिक मॅन या कंपनीच्या कित्येक मॉडेल्सना बंदुकीच्या दस्त्याला लावतात ते तेल आणि वर मेण असतं. वर लिहिलेला 'काही लावू नका' हा नियम यांना लागू नाही. हे नेक मळले की राखाडी पॅडनं किंवा स्टील वूलनं हलकं घासून, पुसून, पुन्हा तेलाचा अगदी पातळ हात द्यावा लागतो, तोही लगेच पुसून घ्यायचा. एक धोका सांगतो, जो लोक हसण्यावारी नेतात. अशा वाळणाऱ्या तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून टाका. नॅप्थाचं फडकंही बाहेरच वाळवा, पण ते असं आपोआप पेटत नाही.

परत येऊ नये म्हणून

वाजवायच्या आधी साबणानं हात धुवून पूर्ण कोरडे करा, हे वाक्य इतकं लिहिलं जातं की कुणी वाचत नाही. माझ्या घरी त्यात एक उपकलम आहे, रविवारी डोक्याला खोबरेल चोपडल्यावर संध्याकाळपर्यंत गिटार नाही. तेल बोटांच्या चिरांमध्ये राहतं आणि एकदा हात धुवून जात नाही. वाजवून झालं की कोरड्या फडक्यानं नेकवर एक सरळ हात, वीस सेकंदांचं काम. हे फडकं खोळीत ठेवा आणि महिन्याला धुवा, फॅब्रिक सॉफ्टनर न घालता, कारण सॉफ्टनर म्हणजे पुन्हा तेच, कापडावरून नेकवर जाणारा ओशट थर.

गिटार बनवणारे साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणा सांगतात. जुलैत माझ्या खोलीतला मीटर ८० च्या खाली उतरत नाही. सिलिका जेलच्या पुड्या खोळीत जरा मदत करतात, हार्ड केसमध्ये जास्त, पण त्या पंधरा दिवसांत भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात, तापवून किंवा बदलून घ्या. एसीच्या खोलीतून गिटार थेट गॅलरीत नेली तर थंड नेकवर दव धरतं आणि माणूस म्हणतो, आत्ताच तर पुसली होती. दहा मिनिटं खोळीतच राहू द्या, मग काढा.

बाजारात सॅटिनसाठी म्हणून जी क्लीनर मिळतात ती वाईट नसतात. बाटलीवर मेण, सिलिकॉन किंवा 'चमक' यातला एकही शब्द असेल तर परत ठेवा. बाकी वाटीभर पाण्यानं जे होतं त्यासाठी इतके पैसे का द्यायचे, हे माझं मत.

भाच्यानं नवा कॅपो घेतला. जुना टाकून देताना त्याच्या गादीवर बोट दाबून दाखवलं, बोटाचा ठसा जसाच्या तसा राहिला. नवा वापरून झाला की काढायचा आणि खोळीच्या बाहेरच्या खिशात ठेवायचा, हे कबूल करून घेतलंय. हेडस्टॉकला अडकवून ठेवू का, असं त्यानं जिन्यात विचारलं. तिथेही फिनिशच आहे म्हटलं, खिशातच ठेव.